रक्त चालेल, अंग नको

टीव्हीच्या रिमोटचा शोध मराठी मध्यमवर्गीय घरासाठीच लागला असावा, असं माझं मत आहे. नायक नायिकेच्या दोन इंच जवळ आला, की झटकन बातम्या लावता येतात. बातम्यांत कुठं तरी बॉम्ब फुटलेला असतो, रस्त्यावर माणसं पडलेली असतात. पण आमच्या घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आजोबा पुसायला काढलेला चष्मा पुन्हा चढवतात, सौ. "भात वाढू का?" विचारते आणि संस्कृती थोडक्यात बचावते.

उलट नायकानं कुणाच्या पोटात तलवार खुपसली, की रिमोटला कुणी हात लावत नाही. फार तर आजी "मेल्याला अस्संच पाहिजे!" म्हणते. तिच्या मांडीवरचा सहा वर्षांचा नातू दुसऱ्या दिवशी फुटपट्टीनं घरातल्या सगळ्यांना ठार मारतो आणि आम्हीही कौतुकानं मरतो.

मी बँकेतला कारकून. जमा आणि नावे जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही वीस वर्षांची सवय. त्यामुळं हे खातं जरा तपासायला घेतलं.

१९७५ च्या 'शोले'त गब्बरसिंगानं ठाकूरचे दोन्ही हात तोडले, त्याचं घरदार, अगदी नातवासकट, गोळ्यांनी संपवलं. पुढं हाच गृहस्थ ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत अवतरला. पोरांनी आवडीनं बिस्किटं खाल्ली. त्याबद्दल कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. १९९५ साली मिलिंद सोमण आणि मधू सप्रे ही आपली दोन माणसं बुटांच्या जाहिरातीत उभी राहिली. अंगावर बूट आणि एक अजगर. म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही! पण अश्लीलतेचा खटला झाला आणि निर्दोष सुटायला २००९ साल उजाडलं. चौदा वर्षं! एवढ्या काळात माणूस घराचं कर्ज फेडतो.

सेन्सॉर बोर्डाचं नाव १९८३ साली बदलून 'प्रमाणन मंडळ' झालं. पाटी बदलली, कात्री तीच राहिली. जेम्स बाँडला माणसं मारायचा परवाना आहे, हे जगजाहीर आहे. चुंबनाचा परवाना मात्र निम्माच निघाला. २०१५ साली 'स्पेक्टर'मधली त्याची चुंबनं आपल्याकडं अर्ध्यावर आणली गेली. २०१७ साली तर रवी जाधवांचा 'न्यूड' गोव्याच्या महोत्सवाच्या यादीतून ऐन वेळी मंत्रालयानंच काढला. निवड समितीनं तो आधी निवडला होता. गोष्ट कसली? तर मुलाच्या शिक्षणासाठी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढं मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका आईची.

हिंसेला कात्री लागतच नाही, असं मी म्हणणार नाही; खोटी नोंद करायची सवय नाही. 'शोले'चा शेवटही बदलायला लावला होता. ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारतो, त्याऐवजी पोलीस येतात. ठीक. पण शेवट सोडून उरलेल्या तीन तासांचं काय?

"अहो, पण उघडं अंग ही आपली संस्कृती नव्हे!" असं तुम्ही म्हणाल. मग श्रवणबेळगोळला जाऊन या. सुमारे सत्तावन्न फुटांचा गोमटेश्वर हजार वर्षं उन्हापावसात उभा आहे, अंगावर सुताचा धागा नाही. त्याच्या पायाशी 'चावुंडराजें करवियलें' असं कोरलंय. शाळेत आपण घोकलेला हाच तो शिलालेख, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. आपली मायबोली पाटी गिरवायला बसली ती एका नग्न पुरुषाच्या पायाशी, आणि तिला काही झालं नाही! हा गोमटेश्वर म्हणजे बाहुबली. सावत्र भावाशी द्वंद्वात जिंकत आलेला असताना उगारलेला हात त्यानं आवरला आणि राज्य, शस्त्र, वस्त्र सगळं सोडून दिलं. २०१५ साली त्याच नावाचा सिनेमा आला. त्यातला बाहुबली चिलखत घालून शत्रू कापत सुटतो. आम्ही मुलाबाळांसकट, पॉपकॉर्न घेऊन पाहिला.

सगळ्यांनी कपडे काढावेत, असं माझं म्हणणं नाही. माझं पोट पाहता ते समाजाच्या हिताचंही नाही. पण अंग पाहून लाजायचं आणि घाव पाहून टाळ्या वाजवायच्या, हा धडा पोरं आपल्याकडूनच शिकतात, आणि तो पडद्यापुरता राहत नाही.

आमच्या जुन्या चाळीत एक गृहस्थ पगाराच्या दिवशी बायकोला मारायचे. तेव्हा पटापट खिडक्या लागायच्या. म्हणे, त्यांचा घरगुती मामला! त्याच चाळीत एका नवपरिणीतानं संध्याकाळी गॅलरीत बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्याच खिडक्या सताड उघडल्या आणि रविवारी मीटिंग भरली. आता तिथं टॉवर झालाय. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या आहेत. सरकतात मात्र जुन्याच हिशेबानं.