बेवारस गाडी कोणाची?

गेल्या महिन्यातील एका रविवारी म्हाळुंग्याचा एक तरुण आईला बरोबर घेऊन आमच्याकडे आला. चाकणच्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. त्यांच्या चाळीच्या आवारात भाड्याने स्वतः चालवायला मिळणारी एक मोटार अकरा महिने उभी होती. ती आणणारा भाडेकरू खोली सोडून गेला आणि किल्ली चाळमालकाकडे राहिली. "मला जागा मोकळी हवी, तूच घेऊन जा," असे मालक म्हणाला. एका एजंटाने पस्तीस हजारांत "कागद करून" देण्याचे कबूल केले. पैसे आईच्या भिशीचे होते.

"काका, अकरा महिने कोणी फिरकले नाही. मग गाडी आमचीच झाली ना?" त्याने विचारले.

आम्ही त्याला जे सांगितले ते इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

ताबा म्हणजे मालकी नव्हे. बारा वर्षांच्या कब्जाची गोष्ट लोक सांगतात, ती जमीनजुमल्यापुरती आहे. मोटारीला ती लागू नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते. तीच वस्तू अप्रामाणिकपणे आपली म्हणून वापरली तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा होतो. चाळमालकाने किल्ली दिली खरी, पण जे त्याचे नाही ते तो देणार कसे?

शिवाय अशी गाडी बेवारस दिसते, पण असते क्वचितच. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली की ती भाड्याने देणाऱ्या व्यवसायाची गाडी समजावी. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंद सापडते. पुष्कळदा गाडीवर बँकेचे कर्जही असते. म्हणजे हक्क सांगणारे एक नव्हे, दोन!

मग कायद्याने गाडी आपली होऊ शकते का? होऊ शकते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे नोंदणीकृत मालकाकडून विकत घेणे. त्यासाठी नमुना २९ व ३० वर मालकाची सही लागते. कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर नमुना २८ हवा. व्यवसायाची नोंद बदलून खासगी करावी लागते, कराचा फरक भरावा लागतो. थकलेली चलाने आधी पाहावीत.

दुसरा मार्ग लिलावाचा. मालक सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्क्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये, हे आम्ही कारकुनीच्या अनुभवाने सांगतो. पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली की मॅजिस्ट्रेटला कळवले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांत हक्क सांगण्याचे जाहीर आवाहन होते. कोणी पुढे आले नाही तर कलम ५०४ प्रमाणे गाडी शासनाच्या हाती जाते व विकता येते. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे की गाड्या ठाण्यांत दीर्घकाळ ठेवू नयेत, कोणाचाच दावा नसेल तर लिलाव करावा. लिलावात जो घेईल तो मालक. त्याने ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ भरावा, सोबत विक्री कायम झाल्याचा आदेश व लिलावास परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी. अर्ज देणाऱ्याला लिलावात काही अग्रहक्क नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

एजंट यांपैकी काहीच करणार नव्हता. त्याचे "कागद" म्हणजे खोटी सही. उद्या नाकाबंदीत गाडी अडली असती तर गुन्हा मुलावर नोंदला गेला असता, एजंटावर नव्हे. आपल्या पट्ट्यात कंत्राटी कामालाही पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. ज्यांच्याजवळ ना जमीन ना भांडवल, त्यांच्याजवळ स्वच्छ नाव हीच पुंजी असते. ती पस्तीस हजार देऊन गमवायची काय?

मुलाने आमच्या समोर बसून तीन अर्ज लिहिले. एक नोंदणीकृत मालकाला, एक कर्ज देणाऱ्या बँकेला आणि एक पोलीस ठाण्याला. पहिले दोन स्पीड पोस्टाने पोच घेऊन पाठवले, तिसऱ्यावर शिक्का घेतला. तिसऱ्या आठवड्यात बँकेची माणसे कागदपत्रे घेऊन आली आणि पोलिसांसमोर गाडी ओढून घेऊन गेली. मुलगा हिरमुसला. भिशीचे पैसे मात्र आईकडेच राहिले. त्यांत आणखी भर घालून रीतसर कागदांची जुनी गाडी घेण्याचा त्याचा विचार आहे.

तेव्हा वाचकहो, आधी कागद, मग किल्ली. दारात अशी गाडी उभी असेल तर तिला हात लावण्यापूर्वी अर्ज लिहा. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या; रविवारी आम्ही घरीच असतो.