‘आपण’ आणि ‘आम्ही’



राष्ट्रीय राजकारण खोलवर रुजलेल्या सांस्कृतिक व नैतिक भेदांतून घडते, असे विधान तुमच्या वाचनात वारंवार येईल. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला ते सहज पटते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षण आंदोलनाच्या काळात येथे लोकप्रतिनिधींची घरे जाळली गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठा आणि वंजारी अशी उघड विभागणी झाली. बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. तरीही हे विधान जसेच्या तसे स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

याच मतदारसंघाचा इतिहास पाहा. १९६७ मध्ये बीडने भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेत पाठविले. ते तर जिल्ह्याबाहेरचे होते. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांना सुमारे सात लाखांचे मताधिक्य मिळाले. त्यात सहानुभूतीचा वाटा मोठा होता. परंतु एवढे मताधिक्य एका जातीच्या बळावर मिळत नाही. जाती त्याच होत्या, कौल मात्र बदलत गेले. म्हणजेच भेद असणे आणि भेदावर मतदान होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जात ही काल्पनिक गोष्ट आहे, असे येथे सुचवायचे नाही. विवाह, वस्ती, जमीन यांत ती रोज दिसते; दलितांनी तर तिचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. परंतु आजच्या संघर्षातील दोन्ही बाजूंची बोली एक, पंढरीची वाट एक आणि हंगामात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या कोयत्याचे कष्टही एकच. निजामकालीन दप्तरात ‘कुणबी’ ही नोंद आज शोधली जाते, ती मर्यादित जागा व नोकऱ्यांसाठी. हा वाद मुख्यतः संधींचा आहे. त्याला अस्मितेची भाषा नंतर मिळते.

ही भाषा कशी घडते? मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘समाज’ या शब्दाचा व्यापक अर्थ मात्र ‘आपला समाज’ म्हणताच जातीपुरता आक्रसतो. सभेतील वक्ता ‘आपण’ म्हणतो, तेव्हा समोरचे आत येतात आणि सभेबाहेरचा शेजारी नकळत बाहेर जातो.

त्या निवडणुकीनंतरच्या एका संपर्क सत्रात, एरवी एका डब्यात जेवणारे माझे दोन विद्यार्थी वेगवेगळ्या बाकांवर बसले. एकाने मला विचारले, “सर, आपण कोणत्या समाजाचे?” तेथे ‘आपण’ आदरार्थी होते, पण प्रश्न मला एका रेषेच्या अलीकडे वा पलीकडे उभे करणारा होता. मी उत्तर दिले नाही. तो शब्दच फळ्यावर लिहिला आणि तासाला आरंभ केला.

राजकारण भेदांतून आपोआप उगवत नाही; उपलब्ध भेदांपैकी एक निवडून ते त्याला नाव देते. म्हणून पुढील सभेत ‘आपण’ हा शब्द कानी पडला की त्यातून कोणाला वगळले आहे, हे स्वतःला विचारा. भाषेच्या अभ्यासकाकडून एवढी सावधता अपेक्षित आहे; मतदाराकडूनही.