शेवटचे कडवे कोणी गाळले?

डिसेंबर आला की प्रस्थापितांच्या पुरवण्यांत वर्षातील आवडत्या अल्बमच्या याद्या झळकतात. सातारा-सांगलीच्या आमच्या वस्त्यांत मात्र गाण्यांचे वर्ष १४ एप्रिलला सुरू होते. एकेकाळी जयंतीच्या तोंडावर भीमगीतांच्या नव्या कॅसेट यायच्या. आज तीच गाणी मोबाईलवर वाजतात. आवडीची यादी आता कोण ठरवतो? ऐकणाऱ्यांचा आकडा! त्या आकड्यात कवी कुठे आहे?

वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. तीच त्यांची सही. डीजेच्या ठेक्यावर मुखडाच फिरत राहतो. शेवटचे कडवे गळाले की नावही गळते. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघेही २००४ साली गेले. शिंदेंचा आवाज लोक आजही ओळखतात. पण शब्द कोणाचे, हे किती तरुण सांगतील?

प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही, हक्काचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतील वाटा कंपन्यांना लिहून घेता येत नाही. पण नावच नोंदलेले नसेल तर तो वाटा पोचणार कोणाच्या घरी? जुन्या सातारा, आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्काची ६० वर्षे २०२९ अखेर भरतील. हक्काची मुदत संपेल, नाव संपता कामा नये.

म्हणून येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने आपल्या आवडत्या दहा गाण्यांची यादी गीतकारांच्या नावांसह फलकावर लावावी. आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवावे.