हेब्रॉनची विभागलेली मशीद

२५ फेब्रुवारी १९९४. रमजानचा मध्य आणि त्यात शुक्रवार. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरात, इब्राहिमी मशिदीत, सेहरी करून आलेले लोक फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजला उभे होते. शेजारच्या किर्यात अर्बा या ज्यू वसाहतीतला डॉक्टर बारूच गोल्डस्टीन लष्करी गणवेशात आत आला आणि त्याने गोळीबार सुरू केला. २९ नमाजी मारले गेले. उरलेल्यांनी त्याला तिथेच ठार केले. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी या कृत्याचा कडक निषेध केला. संचारबंदी मात्र लागली ती पॅलेस्टिनी रहिवाशांवर.

हजरत इब्राहिम, म्हणजेच ज्यूंचे अब्राहाम, येथे दफन आहेत अशी दोन्ही धर्मांची श्रद्धा आहे. शहराचे अरबी नाव अल-खलील, अर्थात मित्र. पण इथला जुना हिशेबही सरळ नाही. तेराव्या शतकातल्या ममलूक राजवटीपासून १९६७ पर्यंत ज्यूंना बाहेरच्या सातव्या पायरीपुढे मज्जाव होता. १९२९ मध्ये अरब जमावाने इथे ६७ ज्यूंची हत्या केली. त्याच दिवशी कित्येक ज्यू कुटुंबे अरब शेजाऱ्यांनी घरात लपवल्यामुळे वाचली. सांगणारा ज्या बाजूचा असेल, त्याप्रमाणे यातले एखादे वाक्य हमखास गळते.

हत्याकांडानंतर इस्रायलने चौकशी आयोग नेमला आणि मग वास्तूच विभागली. दारे वेगळी, दालने वेगळी. इब्राहिमांची समाधी मधोमध. दोन्ही बाजूंनी जाळीतून दिसते. वर्षातले दहा दिवस सगळी वास्तू मुस्लिमांना, दहा दिवस ज्यूंना. मुस्लिमांच्या दहांत रमजानचे शुक्रवार धरले आहेत. सुरक्षेसाठी काही व्यवस्था हवीच होती, हे मान्य. पण ज्यांची माणसे गेली, त्यांचीच अर्धी मशीदही गेली, हे तिथल्या लोकांना आजही पटलेले नाही.

१९९७ च्या करारात शहराचेही दोन भाग झाले. सुमारे ८० टक्के भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे गेला. उरलेला इस्रायली लष्कराकडे राहिला, आणि मशीद त्यातच आहे. तिथे काहीशे ज्यू वसाहतकरी आणि हजारो पॅलेस्टिनी राहतात. एकेकाळी बाजाराने गजबजलेल्या शुहदा रस्त्यावरची दुकाने बंद आहेत. आजही तरावीहच्या नमाजसाठी मशिदीत जायचे तर आधी सैनिकांची चौकी ओलांडावी लागते.