जाहिरातलेखकाचा पहिला मजकूर

नोकरीच्या अर्जाचा एक साचा शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातच प्रत्येकाच्या हाती पडतो. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचल्याचा उल्लेख, शैक्षणिक पात्रतेचा तक्ता, 'निवड झाल्यास काम मन लावून करीन' असे आश्वासन आणि शेवटी नम्र विनंती. कारकुनाच्या जागेसाठी हा साचा आजही पुरेसा ठरतो. तेथे वाचणाऱ्याला पात्रता तपासायची असते, अर्जदाराची शैली नव्हे. जाहिरातलेखकाच्या, म्हणजेच कॉपीरायटरच्या, जागेचे तसे नाही. दोन ओळींत वाचकाचे लक्ष वेधून त्याला निर्णयापर्यंत नेणे हेच ज्याचे काम, त्याने बायोडाटासोबत पाठवलेले पत्र हा त्याच्या कामाचा पहिला नमुना होय.

हे ठाऊक असूनही, शाळा मध्येच सुटलेला आणि पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा दिलेला उमेदवार साच्याचाच आधार शोधतो. इतरांच्या पदव्यांपुढे आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे त्याला वाटते; मग ती उणीव झाकण्यासाठी 'मेहनती', 'प्रामाणिक', 'सर्जनशील' ही विशेषणे येतात. हा संकोच अनाठायी आहे. निदान या व्यवसायाचा इतिहास तरी त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

डेव्हिड ओगिल्वी यांचे नाव जाहिरातक्षेत्रात आजही आदराने घेतले जाते. त्यांनी १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ पदवी न घेताच सोडले. त्यानंतर त्यांनी पॅरिसच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केले आणि पुढे स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून 'आगा' नावाच्या शेगड्या विकल्या. ही शेगडी कशी विकावी, हे इतर विक्रेत्यांना समजावे म्हणून त्यांनी १९३५ मध्ये एक पुस्तिका लिहिली. लंडनच्या एका जाहिरात-संस्थेत नोकरीस असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने ती आपल्या वरिष्ठांना दाखवली आणि त्या बळावर ओगिल्वींना तेथे नोकरी मिळाली. १९४८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची संस्था उभारली.

आता, असा भाऊ प्रत्येकाला नसतो. अनुभवाचा कागद योग्य माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवण्याचे जे काम त्या भावाने केले, ते इतरांच्या बाबतीत पत्रालाच करावे लागते. म्हणूनच त्यात विशेषणांना जागा नाही. जागा आहे ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींना. समजा, एखाद्या स्त्रीने साड्यांच्या दुकानात सहा वर्षे काढली आहेत. 'मला विक्रीचा दीर्घ अनुभव आहे' हे तिचे वाक्य कोणीही लिहू शकेल. तिने असे लिहिले तर? 'आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइके भाव विचारण्याआधी रंग जातो का, हे विचारीत. मी दुकानाबाहेरच्या फलकावर भावाच्या वर लिहिले: रंग गेला, तर साडी परत. त्या दिवाळीत बायका आत येताच नवे रंग दाखवा म्हणू लागल्या.' या वाक्यांत ग्राहकाच्या मनातली शंका ओळखण्याची नजर आहे, मजकूर आहे आणि त्याचा परिणामही आहे. नेमके हेच गुण जाहिरात-संस्थेला हवे असतात.

महाराष्ट्राबाहेर, इंदूरला किंवा बडोद्याला, वाढलेल्या मराठी भाषकाजवळ आणखी एक भांडवल असते. मराठीत दिसणाऱ्या कितीतरी जाहिराती मुळात हिंदीत वा इंग्रजीत सुचलेल्या असतात आणि त्यांचे मराठी रूप ओशाळवाणे वाटते. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्याच्या कानाला ही खोट चटकन कळते. पत्रात अशी एखादी फसलेली ओळ दाखवून तिच्याऐवजी स्वतःची ओळ सुचवणे, हा पदवीच्या उल्लेखाहून वजनदार पुरावा ठरेल. शिक्षणात पडलेला खंड मात्र लपवू नये आणि त्याबद्दल क्षमाही मागू नये; कोणत्या वर्षी कोणती परीक्षा दिली, हे एका वाक्यात सांगून पुढे जावे.

अतिशयोक्तीचा मोह येथे विशेष असतो, कारण जाहिरात म्हणजे वाढवून सांगणे, असा समज रूढ आहे. भारतातील जाहिरात व्यवसायाने १९८५ मध्ये अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही स्वयंनियामक संस्था स्थापन केली, ती जाहिरातींतील दावे खरे व सिद्ध करता येण्याजोगे असावेत यासाठीच. सरावासाठी लिहिलेली जाहिरात एखाद्या कंपनीसाठी केली, असे भासवणारा उमेदवार मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. 'हा सरावाचा नमुना आहे' असे लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही.

अलीकडे संगणकाला सांगून काही क्षणांत पत्र लिहून घेता येते. ते शुद्ध असते, सफाईदार असते, आणि शेजारच्या उमेदवाराच्या पत्रासारखेच असते. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातला साचा निदान स्वतःच्या हाताने उतरवावा तरी लागे!

लांबीविषयी फार सांगण्याची गरज नाही. एका पानात जे बसत नाही, ते मुलाखतीसाठी ठेवावे. संस्थेचे नाव आणि ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासावेत. शेवटची ओळ मात्र विचारपूर्वक लिहावी. 'संधी द्यावी ही नम्र विनंती' या ओळीने वाचणाऱ्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. अनेक संस्था उमेदवाराला एखादी वस्तू देऊन तिची जाहिरात लिहायला सांगतात. तेव्हा साडीच्या दुकानातल्या त्या स्त्रीने आपणहूनच लिहावे: 'आपल्या कोणत्याही एका वस्तूची माहिती पाठवावी. दोन दिवसांत तिच्या जाहिरातीचे तीन मसुदे पाठवीन.'