खुडूक

परसदार : दर आठवड्याचं सदर

पाटीतून उठायचं नावच नाही म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "खुडूक बसली की काय ओ तुमची?" बसलीच होती. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, हात जवळ नेला की चोचीनं कातडं सोलायची तयारी. मार्चचा दुसरा आठवडा, सोलापूरचा पारा चाळिशीकडं निघालेला, आणि आमच्या असील कोंबडीनं नेमका हाच मुहूर्त काढला.

खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. २१ दिवस अंड्यांवर, पुढं दोनेक महिने पिल्लांमागं. पोल्ट्रीच्या वहीत हा सगळा काळ तोट्याच्या खात्यात, म्हणून तिकडं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हा स्वभावच काढून टाकलाय. पांढरी लेगहॉर्न वर्षाला ३००च्या घरात अंडी घालते, पण तिचंच अंडं तिच्यापुढं ठेवलं तर ओळख दाखवत नाही. आमची असील देते पन्नास-साठ. पण बसते.

घरोघरीही खुडूक मोडायचे उपाय होतेच. कोंबडी गार पाण्यात बुचकळायची, नाहीतर नाकपुडीतून पीस ओवायचं. माझी आजी पीस ओवण्यात पटाईत, पण सगळ्यांच्याच नाकात घालत नसे. मागच्या खेपेला अर्ध्यातून उठलेली, पिल्लं तुडवणारी, अंगानं बारकी राहिलेली, यांची खुडूक ती मोडायची. मांजरावर धावून जाणारीला मात्र टोपलीत राख, वर कडबा, कोळशाचा तुकडा, मोडका खिळा आणि मोजून अकरा अंडी मिळायची. कोळसा-खिळा विजेच्या कडकडाटासाठी म्हणे. त्याचा अंड्यांना काय उपयोग ते मला आजवर कळलेलं नाही. पण कुणाची खुडूक मोडायची आणि कुणाला बसवायचं हे ठरवताना ती जात राखत होती, हे मात्र फार उशिरा कळलं. आपल्या मालदांडीचं दुसरं काय झालं? शेतकरी बियाण्यासाठी टपोरी कणसं बाजूला काढत आले आणि मोहोळच्या संशोधन केंद्रानं त्याच गावरान ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ दिली. कणसाचं जे, तेच कोंबडीचं.

उन्हाळ्यात अंडी बसवणं हा आमच्याकडं जुगार. अंड्यातला जीव साधारण २१ अंशांच्या खाली निजून असतो. पारा त्याच्या वर गेला की चुळबुळ सुरू. नीट वाढायला मात्र ३७.५ अंशांची ऊब लागते. सोलापुरात मार्चमध्ये घरातच तिशीच्या वर असतं, म्हणजे कोंबडी बसायच्या आधीच फळीवरचं अंडं अर्धवट जागं होतं आणि मरतं. म्हणून मी माठाखालच्या ओल्या वाळूत एक मडकं पुरलंय. अंडी रोज गोळा करायची, निमुळतं टोक खाली करून त्यात ठेवायची, आठवडा उलटला की सरळ तव्यावर. खरा हंगाम दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा. पण हे तिला कोण सांगणार?

गेल्या वर्षी मला यंत्राची हौस आली होती. थर्माकोलची पेटी, काटा, पंखा, पाण्याची वाटी. ‘अस्सल असील’ म्हणून १४ अंडी लांबून मागवली, ती हादरे खात कुरिअरनं आली. सातव्या रात्री अंधारात टॉर्च लावून पाहिलं तर नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, बाकीची स्वच्छ वांझ. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं. एकोणिसाव्या दिवशी चार तास वीज गेली. निघाली तीन पिल्लं, त्यातल्या एकाच्या नडग्यांवर पिसं. उघड्या नडग्या, वाटाण्याच्या शेंगेसारखा बुटका तुरा आणि फौजदारासारखी ताठ मान ही असीलची खूण. पायजमा घातलेला असील मी तरी पाहिलेला नाही. पिवळ्या बल्बखाली वाढलेली ही पोरकी पिल्लं, घार आली तरी वर बघत उभी राहायची. एक गेलंच.

कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरवाल्याला मी सांगितलं, तुझ्या पिंजऱ्यातल्या ब्रॉयलरमध्ये असीलचं रक्त आहे. तो हसला. पण एकोणिसाव्या शतकात इथले असील इंग्लंडात कॉर्नवॉलला गेले, तिथं संकरातून ‘इंडियन गेम’ ही जात झाली, तिलाच पुढं कॉर्निश म्हणू लागले, आणि ब्रॉयलरला ती रुंद छाती आली ती या कॉर्निशकडून. सहा आठवड्यांत दोन किलो भरणाऱ्या त्या पांढऱ्या पक्ष्याचा खापरपणजोबा आमच्या परसात पाच-सहा महिने रमतगमत वाढतो.

कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था देशी कोंबड्यांच्या जातींची नोंद ठेवते. त्या यादीत महाराष्ट्राचं नाव बुसरा या जातीपुढं आहे, तेही गुजरातच्या जोडीनं. बुसरा कुणाला माहीत नाही. कडकनाथ मात्र पोराबाळांना ठाऊक. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढच्याच वर्षी इस्लामपूरचं प्रकरण बाहेर आलं. पक्षी घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं परत घेतो, या बोलीवर हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. खरेदी थांबली तशी ती काळी कोंबडी खाद्य खाणारं ओझं झाली. नवल वाटतं ते याचं, की एवढे पक्षी घरोघरी आले आणि त्यांची जात राखायचं कुणाच्या मनात आलं नाही. मनात होता तो अंड्याचा भाव.

पूर्वी कोंबडी अर्धलीनं द्यायचे. तलंग एकाची, दाणापाणी दुसऱ्याचं, पिल्लं निम्मी-निम्मी. त्यामुळं एका घरचं रक्त चार गावांत फिरायचं, आणि मानमोडीची साथ येऊन एक खुराडं रिकामं झालं तरी बी दुसरीकडं शाबूत असायचं. आता आम्ही हौशी मंडळी एक जोडी आणतो आणि तिच्यावरच तीन पिढ्या काढतो. माझ्याकडंही तेच चाललं होतं. अंडी फळायची कमी झाली, पिल्लं रोडावली. पूर्व भागातले एक तेलुगू विणकर मित्र आहेत, घरात दोन माग आणि गच्चीवर सहा असील. त्यांनी येऊन खुराड्यात एकदाच डोकावून पाहिलं.

"सर, सगळी भावंडंच झाली की ओ ही. कोंबडा बदला."

ठरलं असं, की त्यांचा लाल कोंबडा माझ्याकडं, माझ्या दोन तलंगा त्यांच्याकडं. माझा जुना कोंबडा कुठं जाणार यावर आमच्या घरात दोन मतं होती. रविवारी बहुमतानं निर्णय झाला आणि रस्सा उत्तम जमला. तलंगांवर पैशाची गोष्ट निघाली तेव्हा मित्र म्हणाले, "पिल्लं निघू द्या, मग बघू."

हा पाटीतला घाणा त्या लाल कोंबड्याचा पहिला. नऊ अंडी. दुपारी पाटीवर ओलं पोतं टांगतो, ती मान काढून पाणी पिते, दिवसातून एकदा उठून ज्वारीच्या कण्या घाईघाईनं टिपते आणि परत बसते. काल एकोणिसावा दिवस होता. कान लावला तर आतून बारीक चिवचिव, आणि ती खालच्या आवाजात उत्तर देत होती. मला मात्र तिनं अंगठ्यावर चोच मारली.