ओळखपत्राला बांधलेला विमा

भोपाळच्या हबीबगंज नाक्यावर संध्याकाळच्या चहाला नोकरकपातीचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतो, "पगाराचं बघता येईल हो, पण कंपनीचा विमा गेला त्याचं काय?" लगेच समजूत घालणारे पुढे सरसावतात. त्यांची समजूत चार परींची असते आणि चारही तपासून पाहण्यासारख्या आहेत.

पहिले म्हणतात, "इतकी वर्षं चालू असलेला विमा एकदम कसा बंद होईल?" होतो. सामूहिक विम्यात पॉलिसीधारक कंपनी असते. आपण तिच्या यादीतलं एक नाव. ते नाव खोडलं, की त्यामागची बायको, मुलं, आईवडीलही खोडले जातात.

दुसरे नियम दाखवतात. विमा नियामकाने सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क दिला. प्रतीक्षाकाळातली सरलेली वर्षंही मोजून मिळतात. खरं आहे. पण पॉलिसी द्यायची की नाही, द्यायची तर किती हप्त्याने, हे ठरवण्याची मुभा विमा कंपनीकडेच राहते. म्हणजे धडधाकट माणसाला हक्क आणि मधुमेह्याला विनंतीअर्ज!

तिसऱ्यांचा सवाल असतो, "गेलेल्या माणसाचं ओझं मालकाने का वाहावं?" वाहू नये, मान्य. पण फुकट विमा मागतंय कोण? हप्ता आम्ही भरू, साखळी तेवढी तुटू देऊ नका. अरेरा कॉलनीतल्या ज्या आईवडिलांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांतल्या काहींना 'कोब्रा' ठाऊक असेल. १९८६ साली झालेल्या या कायद्याने, वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून काढलेल्याला साधारणपणे अठरा महिने जुना विमा चालू ठेवता येतो. मालकाचा वाटाही स्वतःच भरायचा, वर दोन टक्के. डंख आहेच, पण आजारी म्हणून नकार नाही.

चौथा आक्षेप खरा वजनदार: "आजारी तेवढेच विम्यात राहतील आणि विमा कंपनी बुडेल." पण कपात रक्तातली साखर मोजून होत नाही, तिच्यात ठणठणीत आणि आजारी दोघेही जातात. अर्जाला ठरावीक दिवसांची मुदत घातली, की दुखणं आल्यावर धावत येणारे आपोआप गळतात.

शिवाय साखळी टिकवता येते याचा दाखला गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांत आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार वेतनाच्या पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पुरेसे दिवस भरले, की त्याचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जून. मधे नोकरी सुटली तरी. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला महिना दहा रुपयांत पतीपत्नीचे उपचार मिळतात. या योजनेच्या दवाखान्यांतल्या रांगांबद्दल कुरकुर करावी तेवढी थोडी; पण एमपी नगरातल्या वातानुकूलित कचेरीतला लाखभर पगाराचा माणूस या एका बाबतीत त्या कामगाराहून उघडा आहे.

आता आमची बाजू. विमा माणसाचा असावा, खुर्चीचा नव्हे. भोपाळला हे नव्याने शिकवायला नको. युनियन कार्बाइडच्या समभागांच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात वायुपीडिताला नोकरी विचारून दाखल करत नाहीत. तिथे नोंद माणसाची आहे.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. नोकरी सुटलेल्याने मुदतीत अर्ज केला, तर नव्याने वैद्यकीय चाळणी न लावता त्याला वैयक्तिक पॉलिसी देणं बंधनकारक करा. आणि तो किती वर्षं विम्यात होता, याचा दाखला मालकाने शेवटच्या दिवशी हातात द्यावा. तोवर शहाण्याने नोकरी आहे तेव्हाच एक छोटी, स्वतःच्या नावाची पॉलिसी घ्यावी. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. तो कंपनीच्या छत्राखाली असतानाच सरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

नोकरी सोडताना लॅपटॉप, ओळखपत्र, कपाटाची किल्ली अशा एकेका वस्तूसमोर सही घेतली जाते. त्या यादीत विम्याची एक ओळ वाढवायला कितीशी शाई लागणार आहे?